आधी झाडू, मग फोटो

माझ्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हातात स्टँड, आणि त्यांनी माझ्यापुढं झाडू धरला.

"आधी झाडू, मंग फोटू," म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी हसले. ते हसले नाहीत. जालन्याहून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून, कडेवर पोर घेतल्यासारखी ती बॅग सांभाळत मी कुंभार पिंपळगावात पोचले होते, चहासुद्धा झाला नव्हता, आणि हा माणूस मला ओसरी झाडायला सांगत होता. मी जरा तिखट आहे. म्हटलं, "काका, मी फोटोग्राफर आहे. मोलकरीण नाही."

"मी बी कंडक्टर हाय," ते म्हणाले. "बत्तीस वर्सं एसटीत घालवली. तरी बी रोज झाडतो. ज्यानं झाडलं न्हाई त्याला घर दिसतच न्हाई, फोटोबाई. वरवर पाहून जातो नुसता."

तेव्हापासून माझं नाव फोटोबाई पडलं. आणि मी झाडलं, कारण परत जायला दुपारपर्यंत गाडी नव्हती.

एक मात्र कबूल करायला हवं. झाडताना वाकले म्हणून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला कोरलेला मोर मला दिसला. उभ्यानं आले असते तर आयुष्यात दिसला नसता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीतच होतं, आणि उगाच कशाला चढवायचं.

घर हकीमसाहेबांचं. निजामाच्या अमदानीत बांधलेलं. पुढं लांब ओसरी, तिला सहा सागवानी खांब, खांबांवर वेल आणि वेलींत पोपट. आत औषधांची खोली, तिच्या भिंतीला लहान लहान खणांचं कपाट, प्रत्येक खणावर उर्दूत औषधाचं नाव. पंचक्रोशीतली माणसं या ओसरीवर रांगेनं बसायची आणि काढे पिऊन जायची. पुढं हकीमसाहेब गेले, मुलंबाळं हैदराबादला गेली, घराला कुलूप लागलं. मागं राहिलेली एकच वारस, हकीमसाहेबांची नात. हैदराबादला शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सगळे तिला आपा म्हणत.

काकांनी निवृत्त झाल्यावर आपांना पत्र घातलं. घर विकत मागितलं नाही, भाड्यानंही मागितलं नाही. झाडायची परवानगी मागितली. आपांनी चावी पाठवली. बहुधा कुतूहलानं. मग दर गुरुवारी तीन माणसं तिथं जमू लागली: काका, गावातले एक गवंडी आणि एक कासारीण मावशी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. मावशी म्हणायच्या, "आमच्या आईला हितल्याच काढ्यानं वाचवलंय. झाडायला काय जातंय?"

काकांचा कंडक्टरपणा मात्र निवृत्त झाला नव्हता. खाकी पिशवी खांद्यावर असायचीच, फक्त तिच्यात आता ब्रश, फडकी आणि खिळे असत. घर बघायला कुणी आलं की "कुठून बसले?" असं विचारायचे. ओसरीवर गर्दी झाली की "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाय." आणि बोलण्यापेक्षा ते बोटाच्या पेरानं लाकडावर टोला मारून काम भागवायचे. एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले म्हणजे चला. गवंडीभाऊ उंच लाकडी घोड्यावर उभे असले आणि खालून एक टोला आला की त्यांचा हात जागीच थांबायचा. पंधरा दिवसांत मीही शिकले. मला माझ्या सख्ख्या सासूनं इतकं शिस्तीत आणलं नव्हतं.

मला त्यांनी निवडलं कसं, तेही त्यांच्यासारखंच. त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी फोटो काढायला होते. सगळे फोटोग्राफर स्टेजभोवती घोंगावत असतात तसे मीही घोंगावले. पण मध्येच मी रुखवताचे फोटो काढले. तिथं कुणाच्या तरी आजीनं तांदळाच्या पिठाची केलेली गाय होती, ती मी गुडघ्यावर बसून काढली. काकांनी ते लांबून पाहिलं होतं. चार महिन्यांनी फोन आला, "रुखवताला वाकली ती बाई तुम्हीच ना? मंग या. एका घराला वाकायचंय."

झाडूच्या नियमाला कुणालाच सूट नव्हती. एकदा मी एका जोडप्याला लग्नाआधीच्या फोटोंसाठी तिथं घेऊन गेले. मुलगी तीन हात लांब गाऊनमध्ये, मुलगा गॉगलमध्ये. काकांनी दोघांपुढं दोन झाडू धरले. मुलीचे मामा सोबत होते, ते खवळले. "काय लावलंय हे? आमची पोरगी झाडलोट करायला आली का?" काका शांतपणे म्हणाले, "मंग बाहेरून काढा की फोटू. बाहेरून कुणाला बंदी न्हाई." मुलानं गॉगल डोक्यावर चढवला, दोन्ही झाडू घेतले आणि एकट्यानं ओसरी झाडली. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बिलकुल टिकन हे लगीन." टिकलंय. परवा त्यांच्या पोराच्या बारशाचे फोटो मीच काढले.

स्वतःचा फोटो मात्र ते काढू देत नसत. कॅमेरा वळला की खांबाआड. "माझं तोंड लोकांनी लई पाह्यलं, तेबी रागानं. घराचं काढा."

तिसऱ्या खांबाशी त्यांचं काहीतरी होतं. त्यावरच्या पोपटाची चोच तुटलेली होती. झाडून झालं की ते फडक्यानं त्या तुटक्या चोचीवरची धूळ पुसायचे आणि हळूच विचारायचे, "ठीक हाय का?" मी मावशींना विचारलं. लहानपणी काकांना मुदतीचा ताप आला होता. हकीमसाहेबांनी एकवीस दिवस त्यांना घरी जाऊ दिलं नाही, ओसरीवर त्याच खांबाखाली अंथरूण घातलं. तापात पोराला वाटायचं, वरून पोपट बोलतोय. पोरगं वाचलं. पोपटाची खुशाली विचारणं तेव्हापासूनचं. हे ऐकलं त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडायचं सोडून दिलं. म्हणजे, कमी केलं.

आता मला जे सांगायचं आहे ते येतं. ते सांगायला मला बरीच वर्षं लागली असती, पण काकांनीच माझ्यावर वेळ आणली.

पहिल्या दिवशी, तो झाडू हातात पडला त्याच दिवशी, मी खांबांचे फोटो काढत होते. ओसरी उत्तरेला तोंड करून, सकाळचा उजेड आडवा, लाकूड जुनं, काळपटलेलं. कंबर दुखत होती आणि डोकं तापलेलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "खांब फारच मळकट येतात. जरा उजळ असते तर फोटो कसा उठून दिसला असता." काका शेजारीच उभे होते. त्यांनी खांबावरून तळवा फिरवला. मी विसरून गेले. बोलणारा विसरतोच.

ते फोटो हैदराबादला गेले. बाजाराच्या बाजूनं गाळे काढायचे म्हणून एक जण ते घर घ्यायला टपलेला होता, आणि आपांनी जवळपास होकार दिला होता. फोटो पाहून त्यांचा काकांना फोन आला. विकायच्या आधी एकदा येऊन बघते, म्हणाल्या. मनात आलं तर राहू देईन, गावानं दवाखाना करावा, वाचनालय करावं. घर राहणार की पडणार, हे आता त्या एका भेटीवर होतं. काकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "आपा येऊन राह्यल्या, फोटोबाई! तुमच्या फोटूनं काम केलं!"

भेटीच्या आदल्या दिवशी मी पोचले. ओसरीची पायरी चढले आणि बॅग हातातून खाली ठेवायचंसुद्धा मला सुचलं नाही.

सहाही खांब चकचकीत चॉकलेटी. ऑइलपेंट. वेलींची पानं हिरवी. पोपट सोनेरी. आणि तिसऱ्या खांबावरच्या पोपटाला खाचा बुजवायची लांबी भरून नवीकोरी चोच बसवलेली, लालभडक.

काका कानापासून कानापर्यंत हसत उभे होते. हाताला, भुवयांना, खाकी पिशवीला रंग. "कसं? आता न्हाई ना मळकट?"

गवंडीभाऊ असते तर त्यांनी अडवलं असतं. पण ते अंकुशनगरला कारखान्याच्या क्वार्टरच्या कामावर गेलेले होते. काका आणि मावशी, दोघांनी मिळून आठ दिवस, डोळे फुटेपर्यंत रंगवलं होतं. मावशींनी तर पानं रंगवायला स्वतःच्या पोरीचा मेंदीचा कोन रिकामा करून त्यात रंग भरला होता. इतक्या मायेनं केलेलं इतकं वाईट काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

"काका, हे काय केलं तुम्ही?" मी ओरडले. त्यांचं हसू उतरत गेलं, ते मला आजही बघवत नाही. कारण "मळकट" हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि तो कुणाचा होता ते मला कळलं. मी गप्प बसले. सांगायचं होतं की मी बोलले ते नुसतं उजेडाबद्दल होतं. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आपा आल्या. ठेंगण्या, पांढरी ओढणी, डोळ्यांवर जाड चष्मा. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. त्यांना झाडू दिला नाही, खुर्ची दिली. आपा बसल्या नाहीत. सरळ तिसऱ्या खांबापाशी गेल्या.

"इसकी टूटी चोंच कां गई?"

काकांनी रंगाचे हात पाठीमागं लपवले.

"मैंच तोड़ी थी वो चोंच. झूले की कड़ी मारके. दादाजान बहुत डाँटे थे." त्या आमच्याकडे वळल्या. "फोटो में वो टूटी चोंच दिखी, इस वास्ते तो आई मैं. वोच देखने कू."

माझ्या फोटोत. मी ज्याला मळकट म्हटलं त्या फोटोत.

"किसने करे ये? किसने बोला करने कू?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकांच्या पेराचा आवाज झाला, माझ्या शेजारच्या खांबावर. एक टोला.

"म्या केलं," ते म्हणाले. "माझ्याच डोस्क्यातून निघालं. कुणी सांगितलं न्हाई."

मी थांबले. शिस्त म्हणून थांबले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आपा जाताना एवढंच म्हणाल्या, "मेरेकू सोचना पड़ेगा." गाळेवाला त्याच संध्याकाळी काकांना भेटून गेला. फार गोड बोलत होता.

गवंडीभाऊ परत आले आणि पायरीवर डोक्याला हात लावून बसले. एक अख्खा दिवस ते काकांशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते मावशींच्या मार्फत. "त्यांना म्हनावं, सागाला श्वास घ्यावा लागतो." काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले, तेही मावशींनाच म्हणाले, "त्यांला म्हना, चूक झाली. आता निघंल कसं ते सांगा म्हना." संध्याकाळी गवंडीभाऊ उठले, नखानं एका पानावरचा रंग खरवडून पाहिला आणि पहिल्यांदा सरळ काकांकडे बघून बोलले. "निघंल. पर मशीन लावायची न्हाई, नक्षी जाईल. हातानंच काढा लागंल. एकेक पान."

मग आमचं काम सुरू झालं. रंग मऊ करायचं औषध ब्रशनं लावायचं, थांबायचं आणि बांबूच्या काड्यांनी, चमच्याच्या दांड्यानं, जुन्या टूथब्रशनं एकेक रेघ मोकळी करायची. गुरुवार गेला आणि रोज आला. पण रंगानं बारीक रेघा इतक्या बुजल्या होत्या की पान कुठं संपतं आणि पंख कुठं सुरू होतो ते समजेना. तेव्हा मी माझे पहिल्या दिवसाचे फोटो मोठे करून आणले आणि ज्या त्या खांबाशेजारी दोरीवर टांगले. फोटो बघायचा, काडी चालवायची. त्या आडव्या, काळपट उजेडात प्रत्येक रेघ वेगळी दिसत होती. उजळ खांबांचे फोटो असते तर यातलं निम्मंही दिसलं नसतं. मला माझ्या धंद्यातली अक्कल इतक्या उशिरा आली.

लग्नं सांभाळून मी जात होते. हळदीच्या घरी बायका विचारायच्या, "बाई, नखं चॉकलेटी कशी?" मी म्हणायचे, पाप आहे. त्या हसायच्या.

त्या दिवसांत मी काकांना खरं सांगायचा दोनतीनदा प्रयत्न केला. "काका, तो रंग..." की ते लगेच म्हणायचे, "त्या कोपऱ्यात बघा बरं, काय ऱ्हायलंय का." एकदा तर मी काडी खाली ठेवून समोरच उभी राहिले. त्यांनी मला पाण्याचा तांब्या आणायला पाठवलं. घर जाईल ही भीती त्यांना होती, रात्रंदिवस होती. मावशी सांगायच्या, जेवताना ताटात बोटानं वेलीची पानं गिरवतात म्हणून. पण ती भीती दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवायला ते तयार नव्हते. मला त्याचा रागच यायचा. माझं ओझं माझ्याकडून हिसकावून घेणारे हे कोण?

तिसऱ्या खांबावरची लांबी काकांनी स्वतः काढली. दोन दिवस लागले. मग जवसाचं तेल चोळलं. लाकूड हळूहळू आपल्या रंगावर आलं. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून फक्त चोचीचा एक फोटो काढून घेतला आणि खाली एवढंच लिहून आपांना पाठवला: "चोच परत तुटली. याच."

आपा आल्या. या वेळी कुणी खुर्ची आणली नाही. काका पायरीवर झाडू घेऊन उभे होते. घराची मालकीण, हैदराबादेहून आलेली, आणि हे...

"आधी झाडू," ते म्हणाले. हात पुढंच होता.

आपांनी त्यांच्याकडे पाहिलं. चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि आजोबांची ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडली. तिसऱ्या खांबापाशी थांबून तुटक्या चोचीवरून बोट फिरवलं. चष्मा काढून पुसला. झाडत झाडत शेवटच्या खांबापाशी गेल्या आणि वाकल्या.

त्या खांबाच्या पायथ्याशी तळहाताएवढा चॉकलेटी रंग तसाच होता. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं, तो काकांच्या नजरेतून सुटला.

"ये कायकू छोड़े?"

"मुद्दाम ठिवला," काका म्हणाले. "माझी चूक हाय ती. उद्या कुणी रंगाचा डबा घेऊन आलं, तर त्याला दाखवाया बरं."

मला तेव्हा जे झालं ते सरळ सांगते. मला लाज वाटली.

"त्यांची नाही," मी म्हणाले. "माझी आहे."

खांबावर टोला पडला. एक.

"नाही थांबणार, काका. आपा, पहिल्या दिवशी मी म्हणाले होते, खांब मळकट दिसतात. उजळ असते तर बरं झालं असतं. ते यांनी ऐकलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी इथंच उभी होते, आणि गप्प बसले."

मावशींनी पदर तोंडाला लावला. काका माझ्याकडे बघत नव्हते, पोपटाकडे बघत होते.

"मला ठावं हाय की," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही बोलल्या, म्या ऐकलं. तुम्हाला काय म्हाईत, मी तुमचं इतकं ऐकतो म्हनून."

आपांनी झाडू खांबाला टेकवून ठेवला. "घर यहीच रहेगा," त्या म्हणाल्या, अगदी सहज, वर्गात पोरांना खाली बसा म्हणावं तसं. "वो दुकानांवाले कू मैं आजच ना बोल देती. चाबी आपके पासीच रखो." मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे हात केला. "वो मेरेकू देव. तुम दोनों वहाँ खड़े रहो. वो रंग के बाजू."

काका खांबाआड सरकायला लागले. मी त्यांचा हात धरला. धरूनच ठेवला.

आपांनी आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता. फोटो तिरपा आला आहे, आमचे पाय कापले गेले आहेत, माझे डोळे मिटलेले आहेत. तो आता त्या घराच्या दारात लावलेला आहे, वाचनालयाच्या पाटीशेजारी. काकांचा जगातला बहुधा एकमेव फोटो. त्यात त्यांचं एक बोट मुडपून खांबाजवळ नेलेलं दिसतं. त्यानंतर काय झालं ते फोटोत नाही.

त्यांनी खांबावर दोन टोले मारले.

"चला," म्हणाले. "मागची खोली ऱ्हायलीय."

आणि आपांनी पुन्हा झाडू उचलला.